दुधावर नजर

स्वस्त वेबकॅमच्या खोक्यावर खरं कुठे संपतं आणि खोटं कुठे सुरू होतं, हे कळायला भिंग लागतं. समोर ठळक अक्षरांत भरपूर मेगापिक्सेल असतात. बाजूला, मोतीबिंदू काढलेल्या माणसानं वाचूच नये अशा टायपात, ते आकडे सॉफ्टवेअरनं फुगवलेले असल्याची कबुली असते. आतली काच निमूटपणे 640 गुणिले 480 ठिपके टिपते. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मी असं एक खोकं उलटंसुलटं करून वाचत होतो, तेव्हा गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "काका, खोक्यावरचं सोडा. तोंड दिसतं एवढं नक्की." पुण्यात दुकानदाराकडून मिळू शकणारी ही सर्वांत मोठी हमी. मी पैसे देऊन टाकले.

तोंड मला रोज आरशात दिसतं. मला दूध बघायचं होतं.

ही कल्पना माझी नव्हे, भाचीची. ती इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर राहते आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मामाला काहीतरी चाळा हवा आहे, हे तिनं माझ्या आधी ओळखलं. कॅमेऱ्यासमोर जे चाललंय ते चालू असतानाच संगणकानं ओळखायचं आणि तेवढ्यात त्यावर काहीतरी करायचं, असा हा उद्योग. मी लगेच दारावर चोर ओळखणारा कॅमेरा लावायचं ठरवलं.

"सगळे आधी चोरच पकडायला निघतात, मामा," ती म्हणाली. "पण चोर येत नाही. मग आपला प्रोग्राम बरोबर आहे की चूक, हे कळणार कसं? घरात रोज होणारं काहीतरी पकड."

आमच्या घरात रोज नेमानं होणारी गोष्ट म्हणजे सकाळी दूध तापतं. ते अधूनमधून उतू जातं आणि मग कुणाचं लक्ष कुठे होतं यावर दुपारपर्यंत चर्चा चालते. असा विषय घेतला तर प्रयोगासाठी सामान आयतं, तपासणीसाठी घटना भरपूर, आणि चुकलं तर नुकसान अर्धा लिटरचं.

आमच्या हिला हे सांगितलं तेव्हा तिनं पोळ्या लाटणं थांबवलंसुद्धा नाही. "अहो, शिट्टीचं भांडं माळ्यावर आहे. काढून देऊ?"

शिट्टीचं भांडं म्हणजे ते दुहेरी भिंतीचं. पोकळीत पाणी घालायचं, आत दूध. पाण्याला उकळी फुटली की वाफेनं शिट्टी वाजते, आणि आतलं दूध पाण्यापेक्षा जास्त तापतच नाही, म्हणून उतूही जात नाही. वीज नको, लॅपटॉप नको, भाची नको. माझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अनेक वर्षं माझ्याच डोक्यावर धूळ खात पडलं होतं.

"मामी, पण त्यातून शिकायला काय मिळणार?" भाचीनं विचारलं.

"दूध मिळेल," ही म्हणाली.

या उद्योगात माझ्या बाजूनं उभा राहील असा पूर्वज शोधला, तर तो केंब्रिजमध्ये सापडला. तिथल्या विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एक सामाईक यंत्र होतं. वरच्या मजल्यांवरचे विद्वान जिने उतरून यायचे आणि भांडं रिकामं बघून पुन्हा वर जायचे. 1991 मध्ये क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेत्स्की या दोघांनी त्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि त्याचं चित्र सगळ्यांच्या संगणकावर दिसेल अशी सोय केली. चित्र राखाडी, 128 गुणिले 128 ठिपक्यांचं, आणि मिनिटाला जेमतेम तीनदा बदलणारं. कॉफी भरते कशी, हेही त्याहून वेगात होत नसावं. 1993 मध्ये हे चित्र वेबवर गेलं आणि जगभरातले लोक दुसऱ्याच्या कॉफीची पातळी बघू लागले. 2001 च्या ऑगस्टमध्ये तो कॅमेरा बंद झाला आणि शेवटचं भांडं लिलावात 3,350 पौंडांना गेलं. वेबकॅम नावाच्या वस्तूचा उगम म्हणजे जिना चढायचा कंटाळा. मी हा इतिहास जेवताना सांगितला. हिनं एवढंच विचारलं, की तिथे भांडं कोण घासायचं?

खरं तर त्या कॅमेऱ्यानं फक्त दाखवलं. कॉफी आहे की नाही हे ठरवणारा माणूसच होता. आम्हाला पुढची पायरी हवी होती. मी बघायचं नाही, यंत्रानं बघायचं. आणि इथेच माझा पहिला भ्रम गेला, कारण कॅमेरा काही बघत नाही. तो मोजतो. प्रत्येक ठिपक्याचा उजेड शून्य ते 255 या आकड्यांत, शून्य म्हणजे काळोख आणि 255 म्हणजे पांढराफेक. एका चित्रात 3,07,200 ठिपके, प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, आणि सेकंदाला तीस चित्रं. बँकेतल्या सवयीनं मी गुणाकार केला: सेकंदाला 2 कोटी 76 लाख 48 हजार आकडे. त्यातल्या एकाही आकड्यावर 'दूध' असं लिहिलेलं नसतं.

बरं, हे आकडे तरी सगळे खरे? तेही नाहीत. कॅमेऱ्यातल्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची चिमुकली काच असते. निम्म्या ठिपक्यांवर हिरवी, पाव हिश्श्यावर लाल, पाव हिश्श्यावर निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, पेटंट 1976 चं, आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच चालते. हिरवी काच असलेल्या ठिपक्याला लाल किती आणि निळा किती हे ठाऊकच नसतं. ते शेजाऱ्यांकडे बघून भरलं जातं. म्हणजे रंगांच्या खतावणीतले दोन तृतीयांश आकडे अंदाजानं लिहिलेले. आमच्या शाखेत असं कुणी केलं असतं तर ऑडिटरनं त्याला दुपारच्या चहापर्यंतही टिकू दिलं नसतं. इथे त्याला रंगीत चित्र म्हणतात, आणि ते छान दिसतं.

लॅपटॉपवर भाचीनं पायथन आणि ओपनसीव्ही टाकून दिलं. ओपनसीव्ही म्हणजे चित्रांवर काम करायच्या तयार अवजारांची पेटी. इंटेल कंपनीत 1999 च्या सुमारास हिची सुरुवात झाली आणि ती फुकट आहे. कॅमेरा उघडून चित्र पडद्यावर आणायला चार-सहा ओळी पुरतात. आमच्या घरात आलेलं पहिलं चित्र माझंच होतं आणि त्यात मी निळा होतो. ओपनसीव्हीत रंगांचा क्रम निळा, हिरवा, लाल असा उलटा असतो, आणि चित्र दाखवणाऱ्या दुसऱ्या अवजाराला ते सांगितलं नाही तर माणसाचा चेहरा निळा होतो. ही मागून डोकावली आणि काळजीनं म्हणाली, "अहो, बरं वाटतंय ना?"

"मामा, रंग टाकूनच दे," भाची म्हणाली. "आधी ग्रे कर."

दोन तृतीयांश माहिती एका ओळीत केराच्या टोपलीत गेली. मला हळहळ वाटली. एवढे पैसे देऊन रंगीत कॅमेरा घ्यायचा आणि पहिल्या ओळीत त्याला कृष्णधवल करायचं! पण दूध पांढरंच असतं, त्याला रंग लागतो कशाला, हा तिचा मुद्दा बिनतोड होता. संगणकात शिरलेलं पहिलं छायाचित्रसुद्धा असंच काळंपांढरं आणि घरगुती होतं. 1957 मध्ये अमेरिकेत नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा, वॉल्डेनचा, फोटो यंत्रात घातला. 176 गुणिले 176 ठिपके, कारण यंत्राच्या स्मरणशक्तीत तेवढेच मावत होते. सरकारी खर्चानं उभारलेल्या महाकाय यंत्राला पहिल्यांदा काय दाखवावं, तर आपलं पोर. पुढे उतारवयात त्याच गृहस्थांनी ठिपके चौकोनी ठेवल्याबद्दल खंत व्यक्त केली. मुलाच्या फोटोबद्दल नाही.

कॅमेरा एका जुन्या टेबललॅम्पच्या दांड्याला बांधून ओट्यावर, पातेल्याच्या वर, तिरका बसवला. सरळ वर ठेवला तर वाफेनं काच धुरकटते. अगदी बाजूनं ठेवला तर स्टीलच्या पातेल्यात दूध सोडून बाकी सगळं दिसतं: खिडकी, ट्यूब, हिचा गाऊन आणि मी. "माझं तोंड येत नाही ना त्यात?" हिनं विचारलं. आम्ही दोघांनी शपथेवर सांगितलं, की काहीही साठवलं जात नाही. चित्र आलं, मोजलं, गेलं. तरी पुढचे काही दिवस ती कॅमेऱ्याच्या बाजूनं पदर सावरूनच वावरत होती.

पहिल्याच सकाळी चित्रावरून आडवे, अंधुक पट्टे वरून खाली सरकायला लागले. मला वाटलं, तपकीर गल्ली. पण दोष कॅमेऱ्याचा नव्हता, महावितरणचाही नव्हता. आपल्याकडे वीज सेकंदाला 50 वेळा दिशा बदलून परत येते, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होते. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही. कॅमेरा मात्र सेकंदाला तीस चित्रं घेतो, तीही एका दमात न घेता वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमानं वाचत. त्यामुळे काही ओळींच्या वाट्याला उजेडाची भरती येते, काहींच्या ओहोटी. अमेरिकेतली वीज 60 ची, आणि पुष्कळ कॅमेरे तिथली सवय घेऊनच बाजारात येतात. सेटिंगमध्ये कुठेतरी '50 हर्ट्झ' असा पर्याय असतो. तो निवडला की कॅमेरा आपला डोळा एक शतांश सेकंदाच्या पटीत उघडा ठेवतो आणि पट्टे नाहीसे होतात. वर्षानुवर्षं ज्या ट्यूबखाली बसून जेवलो ती सतत लुकलुकत होती, हे मला या स्वस्त डब्यानं सांगितलं. महागड्या कॅमेऱ्यानं ते गुपचूप निस्तरलं असतं. मला म्हणूनच स्वस्त कॅमेरा आवडू लागला. त्याला काहीच झाकून ठेवता येत नाही.

मात्र त्याची एक खोड फार त्रासाची. तो स्वतःहून शहाणपणा करतो. समोर पांढरं वाढलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो अख्खं चित्र काळवंडून टाकतो. दूध वर येतंय, म्हणजे पांढरं वाढतंय, म्हणजे नेमक्या मोक्याच्या क्षणी कॅमेरा डोळे किलकिले करणार! ही पिवळा गाऊन घालून समोरून गेली की तो पिवळ्याची भरपाई करायला सगळं स्वयंपाकघर निळसर करतो. या दोन्ही सवयींना ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स अशी प्रतिष्ठित नावं आहेत आणि त्या बंद करता येतात, असं म्हणतात. काही स्वस्त कॅमेरे 'बंद केलं' असं कळवतात आणि आपलं चालूच ठेवतात. आमचा त्या जातीचा निघाला. शेवटी पातेल्याशेजारी एक राखाडी पुठ्ठा चिकटवला. पुठ्ठा काही बदलत नाही. तेव्हा पुठ्ठ्याचा आकडा खाली आला तर कॅमेऱ्यानं डोळे मिटले असं समजायचं, आणि तेवढी रक्कम सगळीकडे जमा करायची. ही युक्ती माझी. बँकेत काढलेली वर्षं अगदीच वाया गेली नाहीत.

आता मुख्य काम. भाचीनं सांगितलेला सर्वांत सोपा मार्ग असा: आधीचं चित्र घ्यायचं, आताचं घ्यायचं, ठिपक्याला ठिपका वजा करायचा. जिथे काही बदललं नाही तिथे शून्य. जिथे हललं तिथे आकडा. आकड्यांची बेरीज ठरावीक मर्यादेच्या वर गेली की घंटा. कागदावर हे इतकं निर्दोष दिसलं, की मी रात्रीच हिला सांगून टाकलं, उद्यापासून दुधाकडे बघू नकोस.

सकाळी ट्यूब लावली, घंटा झाली. हिनं पातेलं ठेवलं, घंटा झाली. एक्झॉस्टचा पंखा सुरू झाला आणि खिडकीवरचं कॅलेंडर फडफडलं, घंटा. साय धरली, वाफ आली, ओट्याजवळून हात गेला, प्रत्येकाला घंटा. हा कॅमेरा दूध सोडून जगातल्या प्रत्येक घडामोडीला साक्षीदार होता. कॅमेऱ्यानं सांगितलेलं प्रत्येक वेळी खरंच होतं, हे विशेष. बदललंय, असं तो म्हणत होता, आणि बदललेलं असायचंच.

तेव्हा मला सह्या आठवल्या. बँकेत मी अनेक वर्षं चेकवरच्या सह्या पडताळल्या. समोर नमुन्याच्या सहीचं कार्ड, हातात चेक. माणसाची सही दोनदा सारखी येत नाही. घाईत ती पसरते, म्हातारपणी थरथरते, पेन बदललं की जाड होते. ठिपक्याला ठिपका वजा करत बसलो असतो तर एकाही पेन्शनरला पैसे मिळाले नसते. उलट एखादी सही नमुन्याशी केसाचाही फरक न करता जुळली, तर मी चेक बाजूला ठेवायचो; तशी सही बहुधा वरून गिरवलेली असते. मग मी बघत काय होतो? एखाद्या अक्षराचं वळण, पेन कुठे उचललं, शेवटचा फराटा कुठल्या जोरानं ओढला. बाकीचं सगळं मी सोडून देत होतो. काय सोडायचं हे नव्या पोरांना शिकवायला मला सांगत, आणि मला ते कधी सांगता आलं नाही. मी म्हणायचो, बघत जा, कळेल. त्या पोरांचे चेहरे आता माझ्या लॅपटॉपला आले होते.

यात मी एकटा नव्हतो, हे कळल्यावर बरं वाटलं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 1966 साली सीमोर पॅपर्ट यांनी एक टिपण लिहिलं होतं, 'समर व्हिजन प्रोजेक्ट' नावाचं. उन्हाळ्यात कामाला येणाऱ्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून यंत्राच्या दृष्टीचा बराचसा भाग उभारायचा, असा बेत होता. तो उन्हाळा संपून साठ वर्षं होत आली. विद्यार्थी आजोबा झाले असतील. बघणं सोपं वाटतं, कारण ते आपण जन्मल्यापासून फुकट करतो. त्याची पावती कधी फाडलेली नसते.

मग मार्ग निघाला तो कुठून? पुष्कळसा सोडून देण्यातूनच. 2001 मध्ये पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स यांनी चित्रातले चेहरे झटपट शोधायची एक रीत दाखवली. तिची गंमत अशी, की ती चेहरा शोधायच्या आधी 'इथे चेहरा नाही' हे ठरवते. चित्राचा लहानसा चौकोन घ्यायचा आणि अगदी भाबडे प्रश्न विचारायचे: डोळ्यांच्या जागी गालांपेक्षा काळोखी आहे का? दोन डोळ्यांच्या मध्ये, नाकाच्या उंचवट्यावर, उजेड जास्त आहे का? एवढ्यावरच चेहरा नसलेले निम्मे चौकोन बाद. उरलेल्यांना आणखी थोडे प्रश्न, त्यातून उरलेल्यांना आणखी थोडे. भिंती, पडदे, झाडं यांच्यावर कुणी वेळ घालवतच नाही. त्या काळच्या 700 मेगाहर्ट्झच्या साध्या पेंटियमवर हा प्रोग्राम सेकंदाला पंधरा चित्रांतले चेहरे ओळखत असे. आज मोबाइलमध्ये फोटो काढताना तोंडाभोवती चौकट येते, त्या घराण्याचं मूळ इथे आहे.

पुढच्या रविवारी भाचीनं जेवण होईपर्यंत काही सांगितलं नाही. हात धुऊन आली आणि म्हणाली, "मामा, तू दूध शोधतोयस ना, ते थांबव. दूध जिथे यायला नको तेवढीच जागा बघ."

ती जागा म्हणजे पातेल्याच्या आतल्या बाजूची, काठाच्या जरा खालची पट्टी. चित्रात ती 60 ठिपके रुंद आणि 20 ठिपके उंच भरली: 3,07,200 पैकी 1,200. उरलेले 3 लाख 6 हजार ठिपके आम्ही त्या दिवशी निरोप देऊन घरी पाठवले. कॅलेंडर फडफडू दे, ट्यूब लागू दे, हिनं कुठल्याही रंगाचा गाऊन घालू दे. पट्टीत स्टील आहे की पांढरं, एवढाच प्रश्न. स्टीलवर चमकेच्या रेषा असतात, कुठे लखलखीत, कुठे काळसर. दुधाचा फेस सपाट असतो, सगळीकडे जवळपास सारखा. म्हणून नुसता उजेड न मोजता आकडे आपसात किती वेगळे आहेत हेही बघायचं. त्यावर एक अट: पट्टी सलग दहा चित्रांत पांढरी राहिली तरच घंटा. डाव घालणारा हात येतो आणि जातो, वाफेचा झोत येतो आणि विरतो. वर चढलेलं दूध मागे फिरत नाही.

दहा चित्रं म्हणजे एक तृतीयांश सेकंद. तेवढा वेळ दुधाकडे असतो का? असतो. दुधावर प्रथिनांची आणि स्निग्धाची साय धरते, खालून येणारी वाफ तिच्याखाली अडकते, आणि सगळा फुगा मिळून वर चढतो. चढायला सुरुवात झाल्यापासून काठ ओलांडेपर्यंत काही सेकंद मिळतात. चालत्या गाडीसमोर आलेल्या माणसाला ओळखायचं असेल तर गणित निराळं. दूध त्या मानानं सभ्य आहे, पूर्वसूचना देऊन उतू जातं. मला आधी वाटायचं, तत्काळ म्हणजे शक्य तितक्या लवकर. तसं नाही, गॅसच्या बटणापर्यंत हात पोचेल इतक्या आधी. मी सुरुवातीला पडद्यावर हौसेनं रंगीत चौकटी, आकडे, तारीख, वेळ असं बरंच काही काढत होतो. त्या नक्षीकामात प्रोग्राम मागे पडायचा आणि चित्रं आत साचून राहायची. मी हात मागे घेतला की पडद्यावरचा मी अजून हात पुढे करत असायचा. नक्षी काढून टाकली, साचलेली जुनी चित्रं न बघता फेकून फक्त सर्वांत ताजं घ्यायचं ठरवलं, तेव्हा पडद्यावरचा मी आणि ओट्यापाशी उभा असलेला मी एका वेळेला आलो.

उलट, संथ गोष्ट कॅमेऱ्यानं वेगात घडतानाही दाखवता येते, हे आपल्याकडे फार आधी करून झालेलं आहे. 1912 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी विलायतेहून कॅमेरा आणला आणि राजा हरिश्चंद्राच्या आधी कशावर रोखला, तर कुंडीत पेरलेल्या वाटाण्यावर. एकेक चौकट टिपत रोप वर येताना दाखवलं, आणि तो मिनिटाभराचा मुका वाटाणा दाखवून त्यांनी चित्रपटासाठी भांडवल मिळवलं. तेव्हा पहिला कॅमेरा हाती येतो तो घरातल्या खाण्याच्या वस्तूकडेच वळतो, हे माझं म्हणणं मी हिला पुराव्यानिशी पटवलं. तिचं म्हणणं, फाळक्यांच्या वाटाण्याला भांडवल मिळालं, आपल्या दुधाला काय मिळणार?

घंटेच्या जागी कुठला आवाज असावा यावर मात्र वाद झाला. मी हौसेनं शिट्टीचा लावला होता. त्या दिवशी वरणाच्या कुकरच्या तीन शिट्ट्यांत माझी एक मिसळली, गॅस एक शिट्टी आधी बंद झाला आणि डाळ कच्ची राहिली. तेव्हापासून सायकलची घंटी आहे.

आणि ती वेळेवर वाजते. अगदी रोज. सकाळी पातेलं चढतं, पट्टी पांढरी होते, ट्रिंग होतं. फक्त एक गोष्ट भाचीच्या लक्षात आली, ती ओट्यापाशी कोथिंबीर निवडत बसली असताना. प्रत्येक वेळी घंटी वाजते तेव्हा हिचा हात आधीच गॅसच्या बटणावर असतो. त्या दिवशी तर हिची पाठ शेगडीकडे होती. ही नारळ खवत होती. खवता खवता मागे हात नेला, गॅस बारीक केला, मग ट्रिंग झालं.

"मामी, तू बघितलंही नाहीस. तुला कळलं कसं?"

"बघायचं काय त्यात? वर यायच्या आधी दुधाचा आवाज बदलतो की. आधी बारीक सूं सूं करतं. मग एकदम गप्प होतं. गप्प झालं की आलंच."

भाचीनं कोथिंबीर खाली ठेवली. तळाशी लहान बुडबुडे होतात, वरच्या थंड थरात शिरले की फुटून मिटतात, त्या मिटण्याचा तो आवाज. सगळं तापलं की बुडबुडे न मिटता वर येतात आणि आवाज उतरतो, असं तिनं मला घाईघाईनं समजावलं. मग कॅमेऱ्याकडे वळून, त्याच्या काचेशेजारचं टाचणीएवढं भोक दाखवत म्हणाली, "मामा, याला माइक आहे."

माइकचे आकडे सेकंदाला 44,100. दोन कोटी शहात्तर लाखांच्या पुढे हे म्हणजे सुट्टे पैसे. मी लॅपटॉपवर नवी फाइल उघडायला गेलो तेवढ्यात ही कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "सांगून ठेवते. आता एक्झॉस्ट लावू नको, रेडिओ लावू नको, बोलू नको, असलं काही मला सांगायचं नाही."

आम्ही अर्थातच तसं काही म्हटलेलं नाही. कुकर दूध तापून झाल्यावर लावला तर चालेल का, एवढंच भाचीनं परवा आडून आडून विचारलं.